चंद्रावळ गलबताची पाटी

लोणावळा, रेल्वे चाळ
१२ जुलै १९३६

खतीजा,

आपाचा सलाम. आणि वाहिद, तू हे आईला मोठ्यानं वाचून दाखवतोयस म्हणून तुलाही सलाम. मधलं काही गाळू नकोस. गेल्या खेपेला तुझ्या बायकोच्या हातच्या कालवणाबद्दल चार शब्द लिहिले होते ते तू गाळलेस, हे मला खतीजाच्या उत्तरावरून कळलं. मी शिकले नसले तरी बावळट नाही. अक्षरं मी स्टेशनच्या पाट्यांवरून शिकले, म्हणून माझं अक्षर मोठं येतं आणि कागद लय लागतो. त्याला इलाज नाही.

तर वाहिदला अजबखान्यात राखणदाराची नोकरी लागली! पितळी बिल्ला, खाकी सदरा, आणि दिवसभर सावलीत बसायचं. मी सगळ्या चाळीत सांगितलं. थोरल्या नातीनं विचारलं, "दादी, चाचा राखण कशाची करणार?" मी म्हटलं, "समुद्राची."

पण खरं सांग खतीजा, दांडवलीला अजबखाना, तोही समुद्राचा? समोर अख्खा दर्या फुकट पडलाय, आणि लोक आत जाऊन भिंतीला टांगलेली दोरखंडं बघणार? आणि काढणारा कोण, तर रावसाहेब! हौशीराम शेटचा नातू! आजाची सात गलबतं होती, पण ह्याला खाडी ओलांडायची तरी होडीत लिंबू हुंगावं लागतं. त्यानं समुद्राचा इतिहास लिहायचा, म्हणजे माझ्या बयाबाईनं आगगाडी हाकायची.

बयाबाई म्हणजे वलवणची, आमच्याकडं दूध घालते ती. परवा तिला तुमचा अजबखाना समजावत होते, तर म्हणते, "जैतुनबी, समिंदर म्हंजी केवढा वो? आमच्या धरणायवढा?" मी म्हटलं, "बये, धरणाला भिंत असते. समुद्राला नसते, म्हणून तर तांडेल लागतो." तर म्हणे, "तांडेल म्हंजी काय?" आता आली का पंचाईत? मी म्हटलं, "गलबताचा डायवर. माझा बाप होता." तेव्हा कुठं तिनं पदर सावरला आणि मापात दोन घोट जास्त घातले.

त्यावरून आठवलं. बाबांचं 'चंद्रावळ' गलबत आहे का गं त्या अजबखान्यात? बाबांचं नाव लिहिलंय का? काय लिहिलंय ते कळव.

तुझी आपा
जैतुनबी

दांडवली बंदर
२८ जुलै १९३६

आपास खतीजाचा सलाम. पत्र वाहिद लिहितो आहे.

अजबखाना मी एकदाच बघितला. जुन्या जकातीच्या कोठीत आहे. नांगर आहे, डोलकाठीचा तुकडा आहे, हौशीराम शेटची तसबीर आहे, पागोट्याची, दारातून शिरताच समोर. 'चंद्रावळ' पण आहे, लाकडाची, हातभर लांब. शीड उलट्या बाजूला बांधलंय. मी वाहिदला म्हटलं, असं शीड असेल तर गलबत मागं जाईल. तो म्हणाला गप्प बस. गलबतातलं पाणी उपसायचं लाकडी पात्र आहे ना, त्याखाली 'धान्य मोजण्याचे माप' असं लिहिलंय म्हणे. मी हसले नाही, पण घरी येऊन हसले.

बाबांचं नाव आहे. 'चंद्रावळ'खाली पाटी आहे, तिच्यावर. मोठ्या अक्षरात आहे. चांगलं आहे सगळं.

रावसाहेब विचारतात, बाबांचं पाण्याची खोली मापायचं शिसं तुझ्याकडं आहे का? द्यायचं असेल तर काचेच्या पेटीत ठेवू म्हणतात. त्यांच्याकडं तसलं एकही नाही.

पाऊस लय आहे. कळावे.

खतीजा

लोणावळा
८ ऑगस्ट १९३६

खतीजा गं,

धान्याचं माप! अगं मी हसले, सून हसली, बयाबाईला सांगितलं तर ती काही न कळता हसली. त्या मापानं रावसाहेबाला चुलीवरचा भात वाढा म्हणावं. आणि गलबत मागं जाणार! पण जाऊ दे, शेटच्या घराण्याला मागंच जायची सवय आहे.

पण बाबांचं नाव मोठ्या अक्षरात! मी शिरा केला. चाळीतल्या अकरा घरी वाटला. शालूबाई म्हणाली, "आजी, कशाचा ओ?" मी म्हटलं, "माझ्या बापाचं नाव सरकारी भिंतीवर लागलं." सरकारी नाही, ठाऊक आहे मला. पण शिरा देताना थोडं वाढवून सांगावं लागतं.

शिसं माझ्याकडंच आहे. दाराशी आहे. हितला पावसाळी वारा तुला ठाऊक नाही, दार धाडधाड आपटतं, त्याला टेकू लागतो. रावसाहेबाला ते काय आहे हे तरी ठाऊक आहे का? विचार त्याला. म्हणेल, तराजूचं वजन. खालच्या खोबणीत चरबी का भरायची ते त्याच्या सात पिढ्यांना सांगता येणार नाही. आपण दोघी पोरीपोरी होतो, पण बोटानं दाबून भरायचो, चुलीपाशी मऊ करून. दोरीनं शिसं तळाला सोडायचं, हात पसरून दोरीचे वाव मोजायचे, वर ओढलं की चरबीला तळची रेती चिकटून यायची. बाबा ती बोटावर घेऊन बघायचे, कधी जिभेला लावायचे, आणि धुक्यात किनारा दिसत नसला तरी सांगायचे, "डाव्या अंगाला खडक आहे, सुकाणू फिरव." कागद नाही, नकाशा नाही. असा माणूस होता.

वाहिद, आता तू ऐक. 'चांगलं आहे सगळं' हे काय उत्तर झालं? पाटीवरचं अक्षर न अक्षर उतरवून पाठव. मला पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचंय.

तुझी आपा

दांडवली बंदर
२० सप्टेंबर १९३६

आपास सलाम.

हे पत्र वाहिदनं लिहिलेलं नाही. रखमाजी पोस्टमास्तरांकडून लिहून घेते आहे. तुझं मागलं पत्र वाहिदनं मला वाचून दाखवलं, पण शिऱ्याचं वाचताना तो मध्येच उठून गेला. दीड महिना झाला, उत्तर लिहू म्हटलं की टाळतो. मग मीच पोस्टात आले.

मास्तर अजबखान्यात जाऊन पाटी उतरवून आले आहेत. ती अशी.

'गलबत चंद्रावळ. मालक श्रीमंत हौशीराम शेट. इ. स. १८८१ मध्ये तांडेल नसीर याने खोली न मापता गाफीलपणे हाकारल्यामुळे कासवखडकावर फुटून मालाचा नाश झाला.'

आपा, मला हे ठाऊक होतं. रावसाहेबांनी उन्हाळ्यात मला बोलावलं होतं. म्हणाले, घरच्यांनी खरं आहे असं लिहून दिलं की पुढं कुणाचा वाद नको. कागदावर अंगठा दे, वाहिदला राखणदार ठेवतो. वाहिदच्या पायाला तुटलेल्या दोरीनं जखम झाल्यापासून तो होडीवर जात नव्हता, घरात तीन लेकरं. कागद वाचता येत नसला तरी अंगठा लावताना त्यात काय आहे ते मला कळत होतं.

तू शिरा वाटलास हे ऐकल्यापासून मला गोड खाववत नाही.

खतीजा

लोणावळा
२६ सप्टेंबर १९३६

खतीजा,

अंगठा लावलास? त्यापेक्षा चुलीत घालायचा होतास.

गाफील म्हणे! खोली न मापता! अगं, बाबा फुटक्या फळीला धरून बंदरात आले तेव्हा शिसं त्यांच्या कमरेला बांधलेलं होतं. त्याच्या तळच्या चरबीत काळी रेती आणि शिंपल्याचा चुरा होता. कुणी खरवडला? तू. आठ वर्षांची होतीस, नखांनी खरवडत रडत होतीस, कारण नखं काळी झाली. काळी रेती दांडवलीच्या आसपास फक्त कासवखडकाच्या पायथ्याला आहे, हे बंदरातलं शेंबडं पोर सांगेल. म्हणजे बाबांनी मापलं होतं. कुठं आलोय ते त्यांना ठाऊक होतं. सुकाणू वळवलं होतं. गलबत वळलं नाही.

का नाही वळलं ते मी सांगते. माल भरला त्या दुपारी मी बाबांची भाकरी घेऊन धक्क्यावर होते. गलबताची कड पाण्यापासून चार बोटं उरली होती. बाबा म्हणाले, "शेट, आता एक पोतं चढवलं तर हे वळणार नाही." शेट म्हणाला, "नसीर, तू सुकाणू सांभाळ, माझी पोती मी सांभाळतो." आणि आणखी चाळीस पोती मीठ चढवलं. वर हसून म्हणाला, "जड गलबत लाटेला भीत नाही." व्वा रे दर्यावर्दी! त्याची तसबीर समोर, पागोट्यासकट, आणि माझ्या बापाला गाफील!

अकरा खलाशी होते. अकराच्या अकरा जिवंत आले. पाटीवर मीठ मेल्याचं लिहिलंय, माणसं जगल्याचं नाही. आणि त्यानंतर बाबांना कुणी गलबत दिलं नाही. मरेपर्यंत दुसऱ्यांची जाळी विणत बसले. आता ती पाटी शाळेची पोरं वाचणार, वाहिदची लेकरं वाचणार. आपला पणजा गाफील होता हे पाढ्यासारखं पाठ करणार.

वाहिद, तुझा बिल्ला चमकतो का रे? येणाऱ्याजाणाऱ्याला तुला सांगता येत नाही, की हे खोटं आहे? त्या तसबिरीवर येणाऱ्या माशा हाकलत बसतोस आणि आजोबावर बसलेली दिसत नाही? मेंढरू आहेस मेंढरू.

जैतुनबी

दांडवली
१० ऑक्टोबर १९३६

जैतुनखालास वाहिदचा सलाम.

तुमचं पत्र अम्मीला सगळं वाचून दाखवलं. मेंढरू पण वाचलं.

खाला, तुम्ही डोंगरावर बसून बोलता. तुमचा मुलगा रेल्वेत, खालूजानची पेन्शन, डोक्यावर रेल्वेचं कौल. आमचं घर रावसाहेबांच्या जागेत आहे. मी एक शब्द बोललो तर बिल्ला जाईल आणि मग घरही. आजोबांची लाज मला नाही असं समजू नका. सकाळी दार उघडलं की मी त्या पाटीकडं पाठ करून उभा राहतो. चार महिने झाले, रोज पाठ करतो. तुम्हाला पाठ करावी लागत नाही, तुम्ही आधीच लांब आहात.

डिसेंबरात कलेक्टरसाहेब अजबखाना बघायला येणार आहेत. रावसाहेबांची धावपळ चालू आहे. अम्मी जेवण कमी करते.

वाहिद

लोणावळा
१८ ऑक्टोबर १९३६

वाहिद,

तुझं पत्र तीनदा वाचलं. लागलं. खरं आहे ते लागतंच. हितं गार वाऱ्यात बसून मी लय तोंड चालवते. मेंढरू परत घेतलं.

सोबत पार्सल आहे, जड आहे, पोस्टातून आणताना पाय सांभाळ. बाबांचं शिसं. रावसाहेबाला दे. म्हणावं, खालानं खुशीनं दिलंय, कलेक्टरसाहेबाला दाखवा. आणि एवढंच सांग, की हे वापरायचं कसं ते आता दांडवलीत फक्त माझ्या अम्मीला येतं. दुसरं काही बोलू नकोस. माझा त्या माणसाच्या हौसेवर भरवसा आहे. साहेबापुढं नवलाई दाखवायला मिळाली तर तो स्वतःच्या आजीला फुगडी घालायला लावील.

खतीजा, मी काही सांगत नाही. तुला काय वाटेल ते कर. नुसती चरबी भरून दाखवलीस आणि घरी आलीस तरी मी काही म्हणणार नाही. पोरांना पोट असतं.

दाराला आता दगड लावलाय. चालतं.

आपा

दांडवली
६ डिसेंबर १९३६

आपास सलाम. रखमाजी मास्तर लिहीत आहेत. त्यांना म्हटलं, मी बोलते तसंच लिहा, नीट करू नका.

काल साहेब आले. रावसाहेबांनी मला नवं लुगडं नेसून यायला सांगितलं. मी जुनंच नेसले. कोठीत खुर्च्या मांडल्या होत्या, मामलेदार होते, शाळेचे मास्तर होते, बंदरावरच्या बाया दारात. रावसाहेब म्हणाले, "साहेब, हे प्राचीन उपकरण. ही म्हातारी दाखवील."

मी चरबी मऊ करून खोबणीत दाबली. त्यांनी पाण्याचं पिंप ठेवलं होतं, तळाला रेती घालून. शिसं सोडलं, वर काढलं, रेती चिकटून आली. सगळे वा वा म्हणाले. साहेबांना मराठी येतं. त्यांनी विचारलं, "बाई, हे कुणाचं?"

मी म्हटलं, "माझ्या बापाचं. नसीर तांडेलाचं." आणि 'चंद्रावळ'कडं बोट केलं. साहेब उठून पाटीपाशी गेले, वाचली, आणि वळून म्हणाले, "इथं तर लिहिलंय, त्यानं मापलं नाही."

रावसाहेब म्हणाले, "घरच्यांनीच लिहून दिलंय, साहेब. हिचाच अंगठा आहे." आणि कागद काढून दाखवला. तयारीनं आले होते.

आपा, सगळे माझ्याकडं बघत होते. वाहिद दारात बिल्ला लावून उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली नाही.

मी म्हटलं, "व्हय साहेब, अंगठा माझाच. खोटा लावला. लेकाच्या नोकरीसाठी लावला. बापानं मापलं होतं. शिशाला कासवखडकाची काळी रेती होती, ती मी माझ्या नखांनी खरवडली. गलबत मिठानं भरून जड केलं होतं, म्हणून वळलं नाही. अकरा माणसं जिवंत आली. मी खोटारडी आहे असं लिहा हवं तर भिंतीवर, पण त्याला गाफील लिहू नका."

दारातून बंदरावरची अंबूबाई ओरडली, "माझा सासरा होता त्या अकरांत! जल्मभर हेच सांगत मेला!"

साहेब रावसाहेबांना एवढंच म्हणाले, "ही पाटी इथं शोभत नाही." चहा न घेता गेले.

आज सकाळी पाटी निघाली. नुसते चार खिळे आहेत. वाहिदचा बिल्लाही काढून घेतला. घर महिनाभरात खाली करायचंय. वाहिद रागावला नाही. काल घरी येताना माझ्या पुढं चालला नाही, बाजूनं चालला.

मी काल जेवले.

खतीजा

लोणावळा
१४ डिसेंबर १९३६

माझी खतीजा,

काय लिहू! पत्र वाचून मी चाळीच्या ओट्यावर उभी राहून सगळं मोठ्यानं सांगितलं, रावसाहेबाचा आवाज काढून, साहेबाचा काढून, तुझा काढून. बयाबाई दुधाची घागर तशीच धरून ऐकत होती. म्हणाली, "त्या रावसायबाला हितं धाडा, आमच्या गोठ्यात शेण भरायला. शेणाचं माप तरी कळंल त्याला." मी म्हटलं, "नको गं, म्हशी नासतील."

चहा न घेता गेले! मला बिस्किटांची काळजी वाटली. मुंबईहून आणली असणार. सगळं घराणं आता बसून खात असेल, आणि घशाखाली उतरत नसेल.

आता कामाचं. वाहिदला धाड. तू, सून, लेकरं, सगळी या. मुलानं यार्डातल्या फोरमनला विचारलंय, पायानं अधू असला तरी हाताचं काम आहे, रुळांचे सांधे साफ करायचं, तेल घालायचं. आणि त्या जागेचं नाव काय असावं? खलाशी! रेल्वेत पण खलाशीच म्हणतात. मला तर हसू आवरेना. घाटात गाड्या चढवायच्या आणि नाव खलाशी. चाळीमागं एक खोली रिकामी आहे, गळते, पण पावसाला सहा महिने आहेत. घोंगड्या दोन जास्त आणा, हितली थंडी हाडात शिरते. चूल वेगळी मांड, नाहीतर आपण भांडू.

शिसं राहू दे तिथंच. त्यावर पाटी नसली तरी चालेल.

आता एक सांगते. हे मी मुलालाही सांगितलेलं नाही. तुला मी अंगठ्यावरून काय काय बोलले. चुलीत घाल म्हटलं.

गलबत फुटल्यावर चौथ्या दिवशी धक्क्यावर पंच बसले होते. तू घरी होतीस. बाबा उभे होते आणि सांगत होते, शेटनं जास्त पोती चढवली. कुणी खलाशी बोलेना, सगळ्यांना पुढच्या हंगामात शेटच्याच गलबतावर जायचं होतं. तेव्हा बाबा म्हणाले, "माझी पोर तिथं होती. पोर खोटं बोलणार नाही. तिला विचारा." शेटनं मला जवळ बोलावलं. गोड आवाजात विचारलं, "पोरी, तू बघितलंस का गं बाळ, आम्ही जास्त पोती चढवलेली?" आणि माझ्या मुठीत खडीसाखरेचा मोठा खडा ठेवला.

मी मान हलवली. नाही म्हणून.

अकरा वर्षांची होते. एवढी मोठी खडीसाखर मी कधी बघितली नव्हती. तू अंगठा तीन लेकरांसाठी लावलास.

घरी येताना बाबांनी माझा हात धरला होता. रागावले नाहीत. निम्म्या वाटेवर त्यांनी एवढंच विचारलं, "गोड आहे का?"

मी हो म्हटलं.

तुझी आपा
जैतुनबी